गोंदियाला येण्याची लस

१८ डिसेंबर
लेकीचा, दिव्याचा फोन. ॲमस्टरडॅमहून निघायच्या आधी मायलेकींनी टायफॉइडची लस टोचून घेतली. परदेशी जाणाऱ्यांना तिथे देतात म्हणे. परदेश कुठला? तर गोंदिया! आमचं घर!

हे म्हणाले, "पैदा याच घरात झाली ना ते? तवा कोणती लस होती?"

२१ डिसेंबर
आल्या. नात टीना सहा वर्षांची, डोळे थेट माझ्या आईचे. चार वर्षांनी पाहिली. दारात पाण्याचा गडवा पुढे केला — पाहुण्याला आधी पाणी — तर दिव्यानं लेकीचा हात मागे ओढला.

मग नियम. लस पूर्ण राखत नाही, म्हणून पाणी उकळलेलंच. दात घासायलाही. जेवण वाफाळतं, फळ सोलून, हात साबणानं. मिशनच्या शाळेत सिस्टर नखं तपासायच्या, तसे आम्ही दोघं हात पुढे करून उभे.

२३ डिसेंबर
आज बोरं सोलली. बोरं!

२४ डिसेंबर
अनर्थ. उकळलेल्या पाण्यात हे रोज माठातलं गार पाणी मिसळत होते. "पाहुण्याले कढत पाणी देऊन राहिली तू. लोक थुंकतील आपल्यावर." दिव्या रडली. पुन्हा झालं तर टीनाला घेऊन नागपूरला हॉटेलात जाईन, म्हणाली.

टीना माझ्या मांडीवर भात खात होती, मी घासावर फुंकर घालत होते. फुंकर चालते का, विचारायची हिंमत झाली नाही.

२६ डिसेंबर
हे रुसलेत. संध्याकाळी चौकात आम्हा तिघींना उभं करून गुपचूपच्या, म्हणजे पाणीपुरीच्या, ठेल्यावर पुरीमागून पुरी खाल्ली, वर द्रोणभर आंबट पाणी प्यायले. "पाह्य टीना, आजोबाले काही झालं?"

टीनानं टाळ्या वाजवल्या.

६ जानेवारी
बॅगा भरायला लागल्या आहेत. रविवारी जाणार. मी सकाळपासून तीच पातेली घासतेय.

ह्यांना ताप. उतरत नाही. दिव्या बळंच दवाखान्यात घेऊन गेली, तपासायला रक्त दिलं.

९ जानेवारी
टायफॉइड — ह्यांना. औषध सुरू झालंय, डॉक्टर म्हणाले वेळेत आणलंत. दिव्यानं तिकीट महिनाभर पुढे ढकललं.

ह्यांची काळजी आहेच. पण दुपारी देवघराचं दार लोटून, शाळेत शिकवलं होतं तसे गुडघे टेकले आणि आभार मानले. कशाचे, ते मला सिस्टरनाही सांगता आलं नसतं.