डाव्या ब्रेकचं रबर

आई,

गाडी सुरू झाली, मी कामावर निघाले. तुमचा डोळा लागला होता म्हणून उठवलं नाही.

स्कूटरची बॅटरी भरलेलीच होती. काल चावी फिरवली की सगळे दिवे लागायचे, गाडी मात्र ढिम्म हलायची नाही. तुमच्या लेकाला फोन केला, तर तिकडून "मेकॅनिकला दाखव" म्हणाला आणि ठेवून दिला. आज बघते तर ब्रेकला हात न लावताच मागचा लाल दिवा पेटलेला. डाव्या ब्रेकला मुठीसकट तुमच्या केसांचं काळं रबर घट्ट गुंडाळलेलं होतं. ब्रेक दाबलेला राहिला की मोटर फिरत नाही, हे मेकॅनिकने मागे सांगितलं तेव्हा तुम्ही शेजारीच उभ्या होतात.

आणि काल "मला मेलीला त्यातलं काय कळतंय" म्हणत माझ्यासोबत जिन्याखाली बसून राहिलात. रजा फुकट गेली म्हणून मी चिडले होते. पण दोनदा चहा झाला, तुमच्या माहेरच्या सायकलची गोष्ट झाली. तो नोकरीसाठी तिकडे गेल्यापासून आपण दोघी एवढं बोललोच नव्हतो. मी येते तेव्हा तुमच्या खोलीचं दार लोटलेलं असतं.

जेवण झाकून ठेवलंय. गारढोण खाऊ नका, गरम करून घ्या.

रबर आरशाच्या खिळ्याला अडकवलंय. कामाच्या दिवशी लावू नका, साहेबांची बोलणी मला खावी लागतात. रविवारी लावा. मला दुपारपर्यंत सापडणार नाही.