सासूबाईंची बरणी

प्रिय दुर्बीणबाई,

एवढं मोठं अक्षर पाहून हसू नकोस. वेंधळी पुन्हा पहिलीत जाऊन बसली, असं म्हणशील. जवळचं जरा पुसट दिसतंय, म्हणून ऐसपैस लिहितेय.

सातव्या महिन्यात माझी बडदास्त विचारू नकोस. रोज सकाळी सासूबाई सुकवलेल्या बेरी मूठभर माझ्या तळहातावर ठेवतात आणि संपेपर्यंत समोरून हलत नाहीत. तंतूंमुळे पोट साफ राहतं, थोडं लोह मिळतं, पेशींची झीज रोखणारी द्रव्यं असतात. पाणी उडून गोडवा दाटतो, म्हणून मूठभरच खायच्या. आम्ही बाजारात विकतो त्या बेरींच्या पाकिटांवर छापलेलं सगळं त्यांना तोंडपाठ आहे. स्वतः मात्र एकही खात नाहीत. बाळाच्या वाटणीचं कसं खाऊ, म्हणतात. इतका जीव मला कुणी लावला नव्हता गं.

हल्ली तहान फार लागते, जीभ टाळूला चिकटते. सगळे म्हणतात, डोळे किती टपोरे दिसतात. आरशात पाहिलं तर डोळ्यांत नुसत्या काळ्या बाहुल्या. नवरा म्हणाला, आई होण्याचं तेज आहे. मलाही ते ऐकायला बरं वाटलं.

बाजारचा माल आमच्या शेडमध्ये यंत्रावर निवडतात. घरची बरणी मात्र सासूबाईच करतात. कुंपणालगतच्या झुडपांची फळं गोड, म्हणून ती स्वतः तोडतात, निवडतात, वाळवतात, आणि त्यांच्या ट्रेला दुसऱ्याने हात लावायचा नाही अशी रीत आहे. परवा मी चहा घेऊन गेले, तर त्या ट्रेकडे बघतच नव्हत्या, बोटांनी चाचपत होत्या. कप पुढे केला, तर हात शेजारच्या हवेतच फिरला. डोळे गेलेत त्यांचे, आणि त्यांनी कुणाला कळू दिलेलं नाही. ट्रेमध्ये निळसर बेरींमध्ये काही काळी, चकचकीत फळं होती, खाली हिरवी चांदणी असलेली. ती कुंपणावरच्या रानवेलीजवळच्या झाडाची. त्या विषारी झाडापासून आम्ही पोराटोरांना ओरडून लांब ठेवतो. वाळल्यावर सगळीच सुरकुततात, मग कोण ओळखणार? नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, “आईच्या निवडीवर आजवर कुणी बोट ठेवलं नाही. तिच्यापुढे हा विषय काढायचा नाही.”

माझी तहान, पुसट नजर, मोठ्या झालेल्या बाहुल्या, सगळं त्या फळांमुळेच असावं. सोबतच्या पुडीत बरणीतल्याच बेरी आहेत, तोंडात टाकू नकोस, तुझ्या प्रयोगशाळेत तपास. परवापासून मी माझ्या वाटच्या बेरी गुपचूप खिशात टाकतेय, पण बाळ कालपासून फार कमी हलतंय. मला भीती वाटते गं. फोन सासूबाईंच्या खुर्चीशेजारी आहे आणि त्यांचे कान अजून तिखट आहेत. आपला माल नेणारा ट्रकवाला हे पत्र दुपारपर्यंत तुझ्या हाती देईल. निकालाची वाट बघू नकोस, गाडी काढ आणि मला दवाखान्यात ने. हे लिहितेय तेव्हा पलीकडच्या खोलीत त्या गुणगुणत नवी बरणी भरतायत.

तुझीच,
वेंधळी