पाठमोऱ्या माणसाची मालमत्ता

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, धंदा पडण्याचा, सध्या निवृत्त, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि पूर्ण शुद्धीत लिहून ठेवतो. कामावर मी चार वेळा डोक्यावर आपटलो आहे, त्यामुळे शुद्धीबद्दल कोणी शंका काढील. तर खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंनी मला तपासून दाखला दिला आहे, आणि त्या साक्षीदारही आहेत. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

धंद्याचा खुलासा करतो. टीव्हीवर एक मारधाडीची मालिका अकरा वर्षे चालली. तिच्यातला इन्स्पेक्टर दर आठवड्याला गच्चीवरून उडी मारायचा, काचेतून आरपार जायचा, धावत्या ट्रकला लोंबकळायचा. हे सगळे तो करत नसे, मी करत असे. आमच्यात याला डुप्लिकेट म्हणतात. डुप्लिकेटचा चेहरा दिसता कामा नये, म्हणून अकरा वर्षे मी कॅमेऱ्याकडे पाठ करून संसार चालवला.

कलम १. राहते घर, खोल्या दोन, आणि बँकेत जे काही असेल ते माझ्या एकुलत्या एका मुलीला मिळावे. तिच्या आईच्या पश्चात हे घर तिनेच सांभाळले आहे.

कलम २. गुडघ्याचे व कोपरांचे पट्टे, रबरी सुरा आणि इन्स्पेक्टरच्या केसांचा टोप माझ्या नातीला, वय अकरा. गेले वर्षभर दर रविवारी ती माझ्याबरोबर जुने भाग बघते आणि मला भंडावून सोडते.

"आजोबा, हे गुंड एकेक करून का येतात? दवाखान्यात नंबर लावलाय का?"

"लाल गाडी दरीत पडली, मग पेटली ती निळी कशी?" लाल गाडी भाड्याची होती, संध्याकाळी परत द्यायची होती.

"आणि बॉम्बला एवढं मोठं घड्याळ कशाला? इन्स्पेक्टरला उशीर होऊ नये म्हणून?"

आम्ही दोघे पोट धरून हसतो. पण तेव्हा हे आम्ही किती गंभीर चेहऱ्याने केले होते, आणि घराघरांत लोक श्वास रोखून बघत होते. सगळे खोटे होते, फक्त आपटणारी हाडे खरी होती. म्हणून मला त्या खोटेपणाची माया वाटते.

कलम ३. इन्स्पेक्टर झालेले नटमहाशय हयात आहेत आणि "माझ्या उड्या मीच मारल्या" असे अजूनही मुलाखतींत सांगतात. मेकअपच्या खोलीतला बल्ब बदलायला हा गृहस्थ स्टुलावर चढत नसे. पाठ माझी मोडली, थोपटली गेली त्यांची. सबब माझी कंबरदुखी, सर्व एक्स-रेंसह, मी त्यांच्या नावे करतो. उड्या त्यांच्या, तर दुखणेही त्यांचेच.

कलम ४. मालिकेतला मेकअपवाला माझा जुना मित्र. माझ्या आरामखुर्चीवर त्याचा फार दिवसांपासून डोळा आहे. परंतु साक्षीदाराला काही देऊ नये, असे वकील म्हणतात. हे कळल्यावर तो सही करायला जरा नाखुशीनेच तयार झाला.

कलम ५. हे कलम लिहिण्यासाठीच मी वरची चार लिहिली.

मुलगी नऊ वर्षांची असताना एकदा शूटिंग बघायला आली. मी साखरेच्या पाकाची, अंगाला न लागणारी खोटी काच फोडून खाली रचलेल्या रिकाम्या खोक्यांवर पडायचे होते. काच एकच होती. मी झेपावलो आणि ती घाबरून ओरडली, "बाबा!" उडीत मान वळवायची नाही, हा आमच्या धंद्याचा पहिला नियम. मी वळवली. दुसरी काच नव्हती, त्यामुळे तो तुकडा तसाच टीव्हीवर गेला. डोळ्याचे पाते लवेपर्यंत इन्स्पेक्टरच्या धडावर माझा चेहरा आहे.

तिने शाळेत निबंध लिहिला, की त्या उड्या माझे बाबा मारतात. वर्ग हसला. मुख्याध्यापिकाबाईंनी मला बोलावले. कोणाचा डुप्लिकेट आहे हे बाहेर बोललो तर काम जाईल, असे माझ्या करारात होते. मुलगी माझे बोट धरून उभी होती.

"उड्या तुम्ही मारता?" बाईंनी विचारले.

"छे हो. मी कपडेपटात आहे. पोर जरा कल्पनेत रमते."

तिने बोट सोडले. "मी खोटे बोलणार नाही" हे शंभर वेळा लिहून आणण्याची शिक्षा झाली. संध्याकाळी ती स्वयंपाकघरात बसून लिहीत होती आणि मी तिला पेन्सिल तासून देत होतो.

त्यानंतर तिने ती मालिका कधी पाहिली नाही. ती येते, माझी औषधे तपासते, आणि आम्ही टीव्ही लावला की आत जाते. या गोष्टीवरून ती मला एका शब्दाने बोललेली नाही. बोलली असती तर बरे झाले असते.

गेल्या रविवारी नातीने नेमका तो भाग लावला आणि मध्येच थांबवला. "आजोबा, हा इथे तुमच्यासारखा का दिसतो?" आतला भांड्यांचा आवाज बंद झाला. मी खरे लपवले. दुसऱ्यांदा.

तरी मी शपथेवर जाहीर करतो की त्या दिवशी माझी मुलगी खरे बोलली आणि मी खोटे बोललो. कॅमेऱ्याकडे पाठ केली ती पोटासाठी. पण जिच्या पाठीशी उभे राहायचे, तिच्याकडेच पाठ फिरवली, याची मला लाज वाटते. मृत्युपत्र माणूस गेल्यावर अमलात येते. हे एवढे कलम मात्र येत्या रविवारी, चहाच्या आधी, मी स्वतः मोठ्याने वाचून अमलात आणीन.

स्थळ: पुढची खोली. तारीख नऊ, गुरुवार.
सही (आयुष्यात प्रथमच समोरून)
साक्षीदार: १. डॉक्टरीणबाई २. मेकअपवाला

पुरवणी. तारीख बारा, रविवार.

कलम ५ वाचले. मुलगी दाराला टेकून ऐकत होती.

"परत वाचा," ती म्हणाली.

परत वाचले. ती आत गेली आणि नातीची एक कोरी वही घेऊन आली. पेन्सिल तासून तिने माझ्यापुढे ठेवली.

"'माझी मुलगी खरे बोलली.' लिहा."

"शंभर वेळा?"

"शंभर वेळा. आणि अक्षर नीट काढा."

मग ती सोफ्यावर नातीशेजारी बसली. "लाव गं तो भाग." मी चाळिसाव्या ओळीवर होतो. टीव्हीत काच फुटली आणि सोफ्यावरून हाक आली, "बाबा!"

मी मान वळवली.

साठ ओळी बाकी आहेत. पूर्ण झाल्यावर वही या मृत्युपत्राला जोडावी.

सही
साक्षीदार: वरीलप्रमाणे. मेकअपवाल्याने सही करताना डोळे पुसले आणि खुर्चीबद्दल पुन्हा विचारले.