टेबलावरची लाल बाटली

४ फेब्रुवारी
पुन्हा ती बाटली! ताटं वाढून मी पाठ वळवली न वळवली, तोच मुलाने बटाट्याच्या रश्श्यावर लाल सॉस ओतला. मग सुनेने. मग ह्यांनीसुद्धा — ज्यांनी माझ्या हातच्या जेवणाला आजवर कधी नाव ठेवलं नाही. मिरची-लसणाचा चिकट सॉस. सून चिनी-जपानी वस्तूंच्या दुकानातून आणते.

५ फेब्रुवारी
सून म्हणाली, "आई, गेल्या महिन्यातल्या तापापासून तुम्ही लवकर दमता. रात्रीचं मी बघू का?" म्हणजे आधी बाटली, मग ओटा. स्पष्ट सांगितलं — या घरात स्वयंपाक मी करते, मीच करणार.

८ फेब्रुवारी
भाजीवाल्याला झापलं. हल्लीच्या भाजीला चवच नाही, फ्लॉवर म्हणजे ओला कापूस. तो म्हणतो, "मावशी, सगळे नेतात. तक्रार तुमचीच." उद्धट. मीठ-मसाला वाढवला, दुसरं काय करणार.

११ फेब्रुवारी
ठरवलं. सॉस पडणारच असेल तर माझ्या हातून पडेल. सकाळी अंड्यांत फेटून ऑम्लेट केलं. तापल्या तेलात हा सॉस करपतो आणि घरभर ठसका उठतो, तेव्हा दुपारी शिळा भात परतून आच बंद केली आणि मगच घातला, वर लिंबू. रात्री शेंगदाण्याचं कूट, सॉस, थोडा मध, गरम पाणी — त्यात नूडल्स घोळवल्या. करायचं ते पद्धतशीर.

आणि बक्षीस काय? मुलाने एक घास घेऊन सुनेकडे पाहिलं. सुनेने ह्यांच्याकडे. हे उठून पाण्याचा जग घेऊन आले. "छान झालंय," म्हणाले, ग्लासावर ग्लास रिचवत.

१२ फेब्रुवारी
बाटली कचऱ्यात टाकली.

१३ फेब्रुवारी
बाटली नाही तर जेवण नाही. मुलाने दोन घासांत ताट सरकवलं — म्हणे बाहेर खाऊन आलो. सून नुसतं दही खात बसली. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, तोंडं वाकडी करायची तर समोर करा.

मुलगा तडकला. "तुला सांगायचं कुणी? तू ऐकतेस कुणाचं?"

"काय सांगायचंय?"

सुनेने त्याच्या हातावर हात ठेवला. तिघांचा कट आहे झालं.

१५ फेब्रुवारी
नवी बाटली आली. मला न विचारता सुनेने भोपळ्याच्या फोडी भाजल्या, सॉस आणि मध चोळून. तिघे तुटून पडले. "लसूण काय सुरेख लागतोय," हे म्हणाले.

कुठला लसूण? ना लसूण, ना मध, ना भोपळा. मला लागला तो नुसता जाळ. पण खरं लिहायचं तर बरं वाटलं. कित्येक दिवसांनी तोंडात काहीतरी आहे असं वाटलं.

म्हटलं, "कसला लसूण? नुसतं तिखटजाळ आहे." तिघांचेही हात थांबले. सून हळूच म्हणाली, "आई... आणि मीठ? मीठ लागतंय?"

"माझी परीक्षा घेऊ नकोस," मी म्हणाले आणि उठले.

१६ फेब्रुवारी
घरात कुणी नव्हतं. ओट्यापाशी उभी राहून जिभेवर साखर ठेवली. मग मीठ. दोन्ही वाळू. कॉफीचा डबा नाकाशी धरला — काही नाही. तापात गेलं असणार सगळं.

भाजीवाल्याला उगाच झापलं. आणि हे तिघे! महिनाभर माझं खारट जेवण सॉस ओतून गिळत राहिले, एक शब्द बोलले नाहीत. इतकी का मी खायला उठते? अंगाचा तिळपापड होतोय, आणि राग काढायला कुणी सापडत नाही.

१७ फेब्रुवारी
डॉक्टरांची वेळ घेतली. संध्याकाळी रस्सा उकळला तशी सुनेला हाक मारली. "इकडे ये. मीठ बघ. माझं मन राखायला खोटं बोललीस तर याद राख."