काठवटीची मूठ

माय,

तुझी काठवट मी कापली. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं तू निवांत ऐकशील. प्रकाशा गावातल्या आपल्या घरी, मागच्या पडवीत, ती गळक्या पत्र्याखाली कितीतरी पावसाळे पडून होती. ज्या काठवटीत तू जन्मभर ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीचं पीठ मळलंस, तिचं लाकूड नखानं उकरावं इतकं भुसभुशीत झालं होतं. होळीतच जायची, पण ताई आडवी आली. ताईचा गुडघा आता तिचं ऐकत नाही. अंगणात एकदा पडली तेव्हा डॉक्टरांनी बजावलं, पुन्हा पडलात तर खुब्याचं हाड जाईल, काठी धरा. पण लेक कुणाची! "मी काय म्हतारी व्हयनू, काठी धराले?" असं म्हणत तिनं नवी काठी दाराआड उभी करून ठेवली. मी फारच मागे लागलो तेव्हा म्हणाली, "मायनी काठवटनी मूठ करी दे, मंग धरसू." या भुशाची मूठ कसली होतेय, असंच तिच्या मनात असणार.

पण मला निवृत्तीनंतर लाकूडकामाचा नाद लागलाय, आणि असं पोकळ झालेलं लाकूड पातळ रेझिन पाजून टणक करता येतं हे मोबाईलवर बघून ठेवलं होतं. अट एकच, लाकडात ओलीचा थेंब राहता कामा नये. राहिला तर रेझिन आत घट्ट होत नाही, बाहेरून मूठ चकचकीत दिसते आणि भार पडला की दगा देते. ताईच्या बाबतीत तो दगा परवडणारा नव्हता. म्हणून कापलेले ठोकळे मी गच्चीवर चैत्राच्या उन्हात मांडले. आपल्या नंदुरबारच्या उन्हात मिरची कडकडीत वाळते, तिथं लाकडाची काय कथा! संध्याकाळी वर गेलो तर निम्मे ठोकळे उभे तडकलेले. आणि मग तू ऐकू आलीस. मी लहान आहे, धुतलेली काठवट उचलून अंगणात नेतोय, आणि तू चुलीपुढूनच ओरडतेस, "उनमा नको ठेवू रे, तडकी जाई ती! सावलीमा ठेव, भितडाले टेकाडीसन!" तुझी बोलणी इतकी खाल्ली, पण कामाची होती तेवढी नेमकी विसरलो.

उरलेले ठोकळे मग माजघरातल्या भिंतीशी सावलीत उभे केले आणि पुष्कळ दिवस नुसती वाट बघितली. त्यानंतर ओव्हन. तुझी सून आधी कडाडली, "ओव्हनमा आते केक करू का तुमना लाकडं भुंजू?" शेवटी तिनंच जुना ओव्हन माझ्या हवाली करून नव्याची सोय लावून घेतली. मंद आचेवर ठेवायचं, काढून वजन करायचं, पुन्हा ठेवायचं. वजन उतरायचं थांबलं की समजायचं, पाणी संपलं. मग डब्यात झाकून गार करायचं, नाहीतर ठोकळे हवेतली ओल पुन्हा पितात. ठोकळे रेझिनच्या बरणीत बुडवून आतली हवा पंपानं ओढली तेव्हा त्यांच्यातून बुडबुडे निघत राहिले, थांबेचनात. मग भरपूर मुरू दिले आणि पुन्हा ओव्हनमध्ये घालून रेझिन पक्कं केलं. मूठ घासून काठीवर बसवली आणि आधी माझा सगळा भार टाकून बघितला. हललीसुद्धा नाही.

अक्षय्य तृतीयेला, आपल्या आखाजीला, ताई आली. काठी हातात घेतली, मूठ चाचपली, अंग टाकून बघितलं आणि हसली, "मायसारखी कडक शे रे ही!" ओट्यावरून अंगणात उतरली, कडुलिंबापर्यंत जाऊन परत आली. मला रडूच आलं, मी पाणी आणायचं निमित्त करून आत गेलो. बाहेर आलो तर तिनं मूठ नाकाशी धरलेली. म्हणाली, "मायना वास येत नही रे."

लाकूड ओव्हनमध्ये पहिल्यांदा तापलं तेव्हा घरभर कळण्याच्या पिठाचा वास सुटला होता, माय, पार तुझ्या हातांचा. तेव्हा एक ठोकळा मी बाजूला काढला आणि रेझिन न पाजता तसाच ठेवला. माझ्या कपाटात आहे तो. काही वर्षांत भुगा होईल त्याचा. ताईला द्यायला हवा, कळतं मला. पण देववत नाही.