धाकटीच्या पाण्याची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, संशोधन केंद्रातून निवृत्त झालेली, अविवाहित बाई, कुणाच्या सांगण्यावरून नव्हे, आपल्या मर्जीने हे लिहून ठेवत आहे. माझे हृदय किती साथ देईल ते डॉक्टर सांगत नाहीत. बुद्धी ठिकाणावर असल्याचा दाखला मात्र त्यांनी दिला आहे, तो सोबत जोडला आहे. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात सगळे धाकट्या बहिणीच्या नावे होते. आता तिला स्वतःचे नाव आठवत नाही.

१. राहते घर मी भाच्याला देते. अट एकच: त्याच्या आईला, म्हणजे धाकटीला, तिच्या खोलीतून हलवू नये. "मावशी, माझी नोकरी तिकडे, मी एकटा काय काय करू?" असे तो म्हणाला. त्याचे खोटे नाही. अट घालणे माझ्या हातात आहे, पाळून घेणे नाही.

२. रानवालाच्या, म्हणजे रानटी वालाच्या, बियांच्या बरण्या केंद्राला द्याव्यात. मी जन्मभर रोपांचे पाणी तोडून ती काय करतात ते पाहिले. माती सुकू लागली की आधी मुळांना कळते. त्यांचा निरोप पोचला की पाने आपली बारीक छिद्रे मिटून घेतात; वाढ थांबते, जीव राहतो. काही रोपे जुनी पाने गाळतात, काही घाईघाईने फुलून बी धरतात. वादळात केंद्राचे छप्पर उडाले तेव्हा प्रयोगाच्या कुंड्या मी घरी आणल्या होत्या. धाकटीने माझ्या नकळत सगळ्यांना पाणी घातले. "अगं ताई, माना टाकल्या होत्या त्यांनी. बघवेना मला." हंगाम वाया गेला. संचालकांनी माझे काम काढून आपल्या जावयाला दिले. निवृत्तीच्या निरोपाला त्यांनी दिलेले भिंतीवरचे घड्याळ त्यांना परत करावे. ते पहिल्या दिवसापासून बंद आहे.

३. बचत धाकटीच्या औषधपाण्यासाठी आणि दिवसा येणाऱ्या बाईंच्या पगारासाठी वापरावी.

भाच्याने हे नीट वाचावे. तुझ्या आईला तहान कळत नाही. पेला पुढे केला की ती ओठ घट्ट मिटते. "तहान लागली का गं?" विचारले तर म्हणते, "कुणाला?" म्हणून विचारू नकोस. समोर बसून तू आधी पी. कधी कधी ती बघून पिते. कलिंगडाच्या फोडी दे. जबरदस्तीने ओतू नकोस, ठसका लागतो. जीभ कोरडी दिसली, लघवी गडद झाली तर डॉक्टरांना बोलव. हे सगळे मी रोज करते आणि तरी ती सुकत चालली आहे.

रोप एका मर्यादेपलीकडे सुकले की मग कितीही पाणी घाला, ते मान वर करत नाही. रोपांची ती मर्यादा मला मोजता येत असे. माणसाची कुठे असते, मला ठाऊक नाही. ती मर्यादा आली असे डॉक्टर म्हणाले, तर धाकटीला सुया टोचत ठेवू नये. ओठ ओले करावेत, हात धरून बसावे. याहून जास्त मला सुचत नाही.

४. माझे भिंग शेजारच्या घड्याळजींना द्यायचे होते. पण ते साक्षीदार, आणि साक्षीदाराला काही ठेवता येत नाही म्हणतात. ते भिंग त्यांनी उसने नेले आहे. कुणी परत मागू नये.

हे लिहिताना धाकटी समोर बसली आहे. तिने विचारले, "काय लिहिताय?"

"तुमच्याबद्दलच."

"मग ताईला विचारा. माझं सगळं तीच बघते. येईल एवढ्यात."

मी म्हटले, "हो, विचारते."

स्थळ : राहते घर, मागची खोली
दिनांक : ९ एप्रिल, सकाळी

लिहून देणार : (सही) ताई

आमच्यासमोर वाचून सही केली :
१. (सही) डॉक्टर, कोपऱ्यावरचा दवाखाना
२. (सही) घड्याळजी, शेजारी