किराइताच्या काढ्यातली चिमूट

१६ नोव्हेंबर १९८६, रविवार
आये सकाळच्या एस.टी.ने गावी गेली. निघताना पुडी हातात कोंबली. अडकईचं मूळ, सर्पगंधा म्हणतात ते, वाळवून कुटलेलं. कुंपणाजवळचं तिनेच खणलेलं. गावात कुणाला झोप येत नाही, कुणाचं डोकं भडकतं, की हेच देतात. "चिमटीच घाल हां बाय. जास्त घातलंस तर माणूस गप पडता. आनी जावयाक सांगान दी."
ह्यांचं बी.पी. वाढलेलं. डॉक्टरच्या गोळ्या कपाटावर धूळ खातायत, कारण गोळ्या म्हाताऱ्यांनी घ्यायच्या. आणि आरडाओरडा तर गिरणीतली नोकरी सुटल्यापासून रोजचा. काल नंदाचं भूमितीचं पुस्तक खिडकीतून बाहेर भिरकावलं. का, तर चपातीला उशीर. पोरीची मार्चात दहावी आहे.
सांगून दिलं तर पुडीही त्याच खिडकीतून जाईल.

१८ नोव्हें.
हे रोज सकाळी किराइताचा काढा घेतात, लहानपणापासूनची सवय. कडूजहर, पण एका दमात. त्यातच टाकली चिमूट. कडवटात कडवट मिसळलं, कळणार कुणाला? प्याले, मिशी पुसली, वॉचमनच्या ड्यूटीवर गेले. मला मात्र दिवसभर कारखान्यात पॅकिंगच्या टेबलावर काही सुचेना. बी.पी.साठीच तर आहे, असं किती वेळा मनाशी म्हटलं.

५ डिसें.
आमटी खारट झाली. मी आणि नंदा श्वास रोखून बसलो. ह्यांनी पाणी ओतून घेतलं आणि जेवले. बस्स. नंतर नंदा मोठ्याने इतिहास वाचत होती तरी कुणी काही बोललं नाही. घर असं पण असतं तर.
झोपही छान लागते ह्यांना. आयेचे पाय धरायला पाहिजेत.

१४ डिसें., रविवार
डॉक्टरकडे. बी.पी. चांगलंच उतरलं. "काय घेता?" हे छाती पुढे काढून, "गोळी नाय. हिच्या हातचो किरायताचो काढो." डॉक्टर हसले, म्हणाले चालू ठेवा. मी शेजारी बसून होते. तोंड उघडायला हवं होतं, नाही उघडलं.
बी.पी. उतरलं म्हणजे चिमूट कमी करायला हवी, नाही का? मी नंदाची प्रिलिम आली म्हणून दोन केल्या. लिहिताना लाज वाटते. बी.पी. नुसतं नावाला. मला शांतता हवी होती, आणि ती मिळाल्यावर अजून हवी झाली.

२ जानेवारी १९८७
नाक सारखं चोंदलेलं ह्यांचं. ड्यूटीवरून आले की खुर्चीत. पेपर उघडा, पान तेच. बांगडे मीच आणले. मासेवालीशी भांडल्याशिवाय ज्यांचा रविवार जायचा नाही, ते म्हणाले, तूच आण काय तां. तेही अर्धे ताटात ठेवले.
नंदा आत येऊन हळूच, "आई, बाबांना काही झालंय का गं? ओरडत पण नाहीत."
म्हटलं, थंडी आहे. चांगली हुशार पोर, मी तिला मूर्खात काढलं.

११ जाने.
शेजारचे परब आले होते. २६ ला चाळीतल्या आपल्या लाइनीची सत्यनारायणाची पूजा, सगळ्यांच्या वतीने देवाला घालायचं गाऱ्हाणं दरवर्षी ह्यांचंच. मायक लागत नाही, रस्त्यावरचा माणूस थांबतो असा आवाज.
"माका नको. दुसऱ्याक सांग."
परबांना मस्करी वाटली. "अरे, तुझ्याशिवाय देव तरी आयकात काय?" खूप गळ घातल्यावर हो म्हणाले. नुसती मान हलवून.
नंदाने विचारलं त्या रात्रीपासून ठरवतेय, उद्या नाही घालायची. सकाळी ह्यांच्या भुवया जरा आक्रसल्या की हात पुडीकडे जातोच.

२६ जाने., सोमवार
पूजा झाली. सगळे गाऱ्हाण्याला उभे राहिले. ह्यांनी नारळ हातात धरला, "बा देवा म्हाराजा…" आवाज पहिल्या रांगेपलीकडे गेला नाही. लोक "होय महाराजा" म्हणाले, पण मागचे उशिरा, पुढच्यांकडे बघून. दोन वाक्यांनंतर हे थांबलेच. विसरले की काय कोण जाणे. नारळाकडे बघत उभे. शेवटी परबांनी पुढचं म्हटलं, वाट लागू नये म्हणून घाईघाईने. पोरं हसली. नंदा प्रसाद न घेता घरी.
घरी आल्यावर मी शिरा वाटीत दिला. वाटी तशीच मांडीवर. म्हणाले, "माझ्यात कायतरी मेलां गो." मग माझ्याकडे बघून, अगदी प्रेमाने, "तुझो काढो आसा म्हणान उभो तरी आसंय."
पंचवीस वर्षांच्या संसारात इतकं गोड कधी बोलले नव्हते. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं.

२७ जाने.
आज घातली नाही. नुसतं किराईत.
विचार करून झालाय सगळा. बंद केली तर आवाज परत येईल, म्हणजे शिव्याही येतील, बी.पी.ही चढेल, आणि परीक्षा तोंडावर. खरं सांगितलं तर माझ्या हातचं पाणीसुद्धा घेणार नाहीत, आणि का घ्यावं?
ह्यांनी पहिला घोट घेतला आणि थांबले. कधी थांबत नाहीत.
"आज कडू कमी लागता. काय घालूचा विसारलंस?"
मी पदराला हात पुसले.
"घाल गो. तेच्यानच बरां वाटता माका."
पेला पुढे धरला. घेतला मी हातात, "आले" म्हटलं आणि आत आले. पुडी डब्यामागे आहे. पेला समोर ठेवून हे लिहीत बसलेय. बाहेरून खोकल्याचा आवाज येतोय. हाक मारत नाहीत. पूर्वी एवढ्यात अख्खी लाइन जागी केली असती.